जुनी अमेरिकन स्मृतिपदके घेताना या चुका टाळा

पदकावरचे साल म्हणजे ते पाडल्याचे साल, असे धरून चालणे ही या छंदातली सर्वांत महाग पडणारी चूक. नाणी जमवणारे हमखास फसतात, कारण टांकसाळी गाजलेली पदके पुढे अनेक दशके पाडत राहतात आणि साल मात्र जुनेच ठेवतात.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी फ्रेंच कोरीवकार ऑगस्तँ द्युप्रे याच्याकडून घडवून घेतलेल्या ‘लिबर्टास अमेरिकाना’ या पदकावर ४ जुलै १७७६ ही तारीख आहे, मूळ पदके पाडली गेली १७८३ मध्ये, पॅरिसला. तिथल्या टांकसाळीचे नंतरचे पदक कडेवरून ओळखता येते. दहापट भिंगाखाली कड पूर्ण फिरवून पाहा. दिवा असेल तर १८३२–४१, जहाजाचा नांगर १८४१–४२, गलबताची नाळ (पुढचे टोक) १८४२–४५, बोट दाखवणारा हात १८४५–६०, मधमाशी १८६०–७९ आणि फळाफुलांनी भरलेले शिंग १८८० नंतरचे. कड कोरी दिसली तरी लगेच हुरळू नका. खूण कानसीने घासूनही काढतात.

राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचे १८०१ चे शांतिपदक मूलनिवासी प्रमुखांना दिले गेले. ते चांदीच्या दोन पातळ पत्र्यांचे, आतून पोकळ. विक्रीत दिसणारे ७६ मिलिमीटरचे भरीव ब्राँझ हे फिलाडेल्फिया टांकसाळीने नंतर पाडलेले. तेही जरूर घ्यावे, पण त्याच्या भावाने.

ओतीव, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, नकल वेगळी. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ७६ मिलिमीटरच्या पदकाची नकल व्हर्नियरवर सुमारे ७५ भरते. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे. उंचवट्याचे बारीक दाणे असतील तर ते पदक पाडण्याच्या ठशाला चढलेल्या गंजाचे असू शकतात. तेवढ्यावरून पदक ओतीव ठरत नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकलेवर ‘कॉपी’ असा शिक्का सक्तीचा झाला, पण त्याआधीच्या नकलांवर तो सापडणार नाही.

आणि कृपा करून चिंच-मीठ किंवा पितळेची पावडर लावू नका! एकोणिसाव्या शतकातल्या ब्राँझचा चॉकलेटी रंग टांकसाळीने मुद्दाम चढवलेला असतो. घासला की खालचा गुलाबी तांबूसपणा उघडा पडतो आणि किंमत कोसळते. तेलकट, चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे) काचेच्या वाटीत पाच मिनिटे बुडवा, न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. वार्निशचा लेप किंवा मीना असेल तर हेही नको.

मऊ पीव्हीसीची पाकिटे कालांतराने हिरवा चिकटा सोडतात, तो तांबे खातो. मायलारची (पॉलिएस्टरची) पाकिटे वापरा.