प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवणाऱ्या विद्यार्थी-साहाय्यकांनो, या चुका टाळा

तृतीय वर्षात शिकत असताना प्रथम वर्षाच्या मुलांच्या शंका सोडवण्याचे काम अंगावर येते, तेव्हा बहुतेकांची पहिली चूक उत्तर सांगून मोकळे होण्याची असते. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्रासाठी हे काम करताना मीही सुरुवातीचे दोन महिने तेच केले. २५० मिलिलिटर द्रावणात ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता, मोल प्रति लिटर) किती, या उदाहरणात ०.१ मोल (त्याचा एक मोल म्हणजे ४० ग्रॅम) बरोबर काढून पुढे थेट २५० ने भागणारी आणि ०.०००४ असे उत्तर लिहिणारी वही हमखास समोर येते. ती ओढून घेऊन आपण ०.४ लिहून दिले, तर पुढच्या आठवड्यात तीच चूक परत येते. त्याऐवजी "मोलॅरिटी म्हणजे किती द्रावणातले मोल?" एवढेच विचारून थांबावे. "एक लिटर" हे शब्द त्या मुलाच्या तोंडून आले, की पाव लिटरपर्यंत तो स्वतःच पोहोचतो. ही शांतता अवघड वाटते. पण ती मोडू नये.

"समजलं का?" या प्रश्नावर तर विश्वासच ठेवू नये. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, वर्गात नवखी असलेली मुलगी "हो दादा" म्हणते ते बहुधा आदरापोटी. तिला आकडे बदलून तेच उदाहरण फळ्यावर करायला सांगावे आणि तिने "इथं भागाचं काऊन?" (इथे का भागायचे?) असे वऱ्हाडीत विचारले, तर भाषा न सुधारता त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, कारण नेमकी शंका तिच्या बोलीतच बाहेर पडते. इंग्रजी संज्ञा परीक्षेत लिहाव्या लागतात, म्हणून त्या समजूत पटल्यानंतर वहीत उतरवून घ्याव्यात.

गैरहजेरीवरून आळशी ठरवणे ही मला सर्वांत अन्यायाची वाटणारी चूक आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि त्यामागोमाग कापसाची वेचणी सुरू झाली, की घरची माणसे कमी पडतात. बाकीच्यांना गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते. जादा तास संध्याकाळी न ठेवता दुपारच्या मोकळ्या तासात ठेवल्यावर आमच्याकडे निम्मी रिकामी बाके भरली.

स्वतःला न येणारे उत्तर रेटून सांगू नये, "उद्या सरांना विचारून सांगतो" म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगावे. ओळखीपोटी स्वतःचे जर्नल उतरवायला मात्र कुणालाही देऊ नये. प्रयोगशाळेत त्याच्या शेजारी उभे राहून त्यालाच ब्युरेट (द्रव मोजण्याची खुणांची काचनळी) वाचायला लावावे.