घरच्या घरी रूट बिअर

रूट बिअर म्हणजे मुळं-साली उकळून यीस्टनं फसफसवलेलं गोड अमेरिकन पेय. करायला सोपी आहे, फसते ती आंबवण थांबवताना. म्हणून आधी साखरेचा हिशेब. लिटरला साधारण 100 ग्रॅम साखर पडते. चांगला फसफसाट यायला यीस्टनं त्यातली 10-12 ग्रॅम खाल्ली तरी पुरे, उरलेली गोडीसाठी. पण उबदार जागी ठेवलं तर यीस्ट खातच राहतं, गॅस साठत जातो आणि बाटली फुटते. काचेची बाटली त्यामुळे नकोच. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या घ्या. पाण्याच्या पातळ बाटल्यांना हा दाब झेपत नाही.

अमेरिकेत या पेयाची जुनी चव ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीची. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स यांनी 1870 च्या दशकात घरी उकळायच्या सुक्या मिश्रणाच्या पुड्या विकायला काढल्या आणि ती घरोघरी गेली. ससाफ्रासमधल्या सॅफ्रोल या घटकामुळे उंदरांना यकृताचा कर्करोग होतो असं दिसल्यावर 1960 मध्ये तिथे खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आली. त्यामुळे आता ती चव विंटरग्रीन (एका झुडपाची सुवासिक पानं), व्हॅनिला, ज्येष्ठमध वगैरेंतून जुळवतात. विंटरग्रीनचा वास म्हणजे आपल्याकडच्या पेनबामचा वास. पहिल्या घोटाला अनेकांचं तोंड वाकडं होतं ते यामुळे. सुकी पानं मिळाली तर 4 लिटरला 5 ग्रॅम घाला, नाहीतर सोडून द्या. त्याचं तेल मात्र अंदाजानं कधीही ओतू नका. एका टीस्पूनात वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांइतकं सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्याच जातीचं रसायन) असतं.

रूट बिअरमध्ये पडणाऱ्या सार्सापरिला या वेलीच्या मुळाऐवजी आपलं अनंतमूळ (उपळसरी) वापरता येतं. वनस्पती वेगळी, पण तिचा व्हॅनिलासारखा वास इथे चपखल बसतो. 4 लिटरसाठी 30 ग्रॅम सुकी मुळं घ्या. धुऊन खलबत्त्यात ठेचली की तपकिरी साल सुटते; वास सगळा त्या सालीत, आतली लाकडी काडी टाकून द्या. सोबत 20 ग्रॅम ठेचलेलं आलं, 5 ग्रॅम ज्येष्ठमध, एक चक्रफूल, बोटभर दालचिनी. ज्येष्ठमध गोडीपेक्षा फेसासाठी महत्त्वाचं, रिठ्यासारखा त्यालाही फेस येतो. रक्तदाबाचा त्रास असेल तर ते वगळा.

2 लिटर पाण्याला उकळी आणून हे सगळं घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर 20 मिनिटं ठेवा. झाकण नसेल तर वास वाफेबरोबर उडून जातो आणि जास्त उकळलं तर कडवटपणा उतरतो. पातळ सुती कापडातून गाळा. गरम असतानाच 350 ग्रॅम साखर आणि पाव वाटी काकवी विरघळवा. रंग काकवीचाच येतो. आता 2 लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि एक टीस्पून व्हॅनिला इसेन्स.

मिश्रण कोमट होईपर्यंत थांबा. 35 अंश उत्तम. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून ना गरम ना गार लागलं पाहिजे. घाई करून गरम मिश्रणात यीस्ट टाकलं की ते मरतं, आणि मग चार दिवस वाट पाहूनही गॅस येत नाही. पाव टीस्पून ड्राय यीस्ट अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मिश्रणात ढवळा. ब्रेडचं यीस्ट चालतं, पण जास्त पडलं तर पावाचा वास मारतो. शॅम्पेन यीस्ट (वाइन करायचं यीस्ट) मिळालं तर चव स्वच्छ येते आणि गाळही तळाशी घट्ट बसतो.

उकळत्या पाण्यानं प्लास्टिक बाटली आकसते, तेव्हा ती साबणानं धुऊन भरपूर विसळा. वर तीन-चार सेंटीमीटर जागा सोडून भरा, झाकण घट्ट लावा. 25 अंशाला दोन-तीन दिवस लागतात. आपल्या उन्हाळ्यात मात्र 24 तासांनंतर दर चार-पाच तासांनी बाटली दाबून पाहा. न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीइतकी टणक लागली की लगेच फ्रीजमध्ये. बूड फुगून बाटली डुगडुगायला लागली तर उशीर झाला आहे. आधी गार करा, मग सिंकमध्ये धरून झाकण किंचित सैल करत गॅस सोडा.

फ्रीजमध्ये किमान 24 तास हवेतच, कारण थंड पाण्यात गॅस जास्त मुरतो. यीस्ट तिथे मरत नाही, फक्त मंदावतं. म्हणून आठवडा-दीड आठवड्यात संपवा. ओतताना बाटली हलवू नका, तळाचा गाळ मागे राहू द्या. आंबट लागली तर बाटली नीट धुतली गेली नव्हती, फेकून द्या.

यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास अल्कोहोल होतं. लहान मुलांसाठी किंवा अल्कोहोल नकोच असेल तर यीस्ट वगळा: तेच जिन्नस एक लिटर पाण्यात उकळा, तेवढीच साखर-काकवी घाला आणि प्यायच्या वेळी एक भाग पाकात तीन भाग गार सोडा. पाक फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो. रूट बिअरवर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा सोडायचा असेल तर ग्लास अर्धाच भरा, फेस भसकन वर येतो.