इन्शुलिनची सुई वापरून झाली, आता टाकायची कुठे?

मी वॉर्डात सिस्टर आहे. इन्शुलिन कसं घ्यायचं हे पेशंट दहादा विचारतात. वापरलेल्या सुईचं काय करायचं, हे विचारणारा विरळाच. मग ती जाते चहाच्या चोथ्यासोबत कॅरीबॅगेत, आणि तिथून कचरा हाताने निवडणाऱ्या मावशींच्या बोटात. वॉर्डात सुयांसाठी पांढरा, टोचून आरपार न जाणारा डबा असतो. घरी तसाच डबा करता येतो.

कपड्यांच्या कंडिशनरची रिकामी, जाड प्लास्टिकची बाटली घ्या. झाकण फिरकीचं हवं आणि सिरिंज सरळ आत पडेल एवढं तोंड. पाण्याची बाटली नको, तिच्यातून सुई सहज बाहेर येते. काचेची तर नकोच. बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: 'वापरलेल्या सुया'. मुलांचा हात पोचणार नाही, पण तुमचा पोचेल अशा जागी ठेवा.

सिरिंज असेल तर टोपण परत लावायचं नाही. अनेकांना टोचतं ते तेव्हाच. सुई हाताने वाकवू किंवा मोडू नका, सिरिंज तशीच सुईच्या बाजूने आत सोडा. इन्शुलिन पेनची सुई काढताना मोठं बाहेरचं टोपण टेबलावर ठेवा, एकाच हाताने पेन त्यात खोचा, मग फिरवून काढा. साखर तपासायची लॅन्सेटही याच बाटलीत. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का, ते आधी विचारा. नाहीच घेतली, तर घंटागाडीवर वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.

एवढं करूनही कुणाला टोचलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. रक्त पिळून काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट चोळू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायची औषधं द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. ती पहिल्या 2 तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. 'सुई तर वाळलेली होती' म्हणून घरी बसू नका. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो. त्याची लस मात्र आहे: पहिला डोस, त्यानंतर 1 महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून 6 महिन्यांनी तिसरा. सोसायटीच्या मावशींनी ती घेतली आहे का, हे कमिटीच्या पुढच्या मीटिंगला विचारा; खर्च सगळ्यांनी वाटून घेतला तर फार येत नाही.