जिन्यातील आपत्कालीन दिव्यांची चाचणी

जिन्यातील आणि बाहेर पडण्याच्या मार्गावरील बॅटरीचे दिवे दरमहा तपासावेत. मात्र केवळ चाचणीचे बटण दाबून न थांबता, त्यांचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा पॅनेलमधील स्विच) बंद करून प्रत्येक मजल्यावरचा दिवा आपोआप लागतो का, हे स्वतः चालत जाऊन पाहावे.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार हे दिवे किमान 90 मिनिटे चालले पाहिजेत. थकलेली बॅटरी बटणाच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होते आणि थोड्याच वेळात मान टाकते, म्हणून वर्षातून एकदा पूर्ण कालावधीची चाचणी घ्यावीच. त्यानंतर बॅटऱ्या पुन्हा भरेपर्यंत जिना असुरक्षित राहतो. यासाठी ती सकाळी, एकाआड एक मजले घेऊन करावी.

बिघाड नोंदवहीत लिहावा. महाराष्ट्रात जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाच्या ‘नमुना ब’ प्रमाणपत्राच्या (अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला) वेळी ही नोंदवही ते देणाऱ्या परवानाधारक संस्थेला दाखवावी.