सेव्हेनच्या डोंगरातले शांत रस्ते: सायकल काढण्याआधी या चुका टाळा

दक्षिण फ्रान्समधला लोझेर जिल्हा आकाराने जवळपास आपल्या सिंधुदुर्गाएवढा. सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या घरात माणसं राहतात, लोझेरमध्ये जेमतेम पाऊण लाख. फ्रान्समध्ये याहून कमी लोकवस्तीचा जिल्हा नाही. त्यामुळे इथे, सेव्हेनच्या डोंगरांत, शांत रस्ता शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. अडचण होते ती त्या शांततेचा हिशेब न मांडता निघालेल्यांची. ज्या रस्त्यावर गाड्या नाहीत, त्यावर दुकान, नळ आणि फोनची रेंजही बहुधा नसते.

सरळ दिसतो म्हणून मोठा रस्ता धरणं

फ्लोराकहून आलेसकडे जायचं तर फोनवरचा नकाशा बहुतेक वेळा 'एन १०६' दाखवतो. हा राष्ट्रीय मार्ग आहे. ट्रक, वळणं आणि अरुंद कडा, सगळं एकत्र. त्याऐवजी सेव्हेनची कोर्निश घ्या. फ्लोराकहून आलेसच्या वाटेवरच्या सँ-जाँ-द्यु-गारपर्यंत डोंगराच्या धारेवरून जाणारा हा साधारण ५० किलोमीटरचा रस्ता आहे. एका बाजूला व्हॅले फ्रान्सेझ, दुसऱ्या बाजूला व्हॅले बोर्न्य, आणि दोन्ही दऱ्या एकाच रस्त्यावरून पाहायला मिळतात. फक्त उन्हाळ्यातल्या रविवारी तो मोटरसायकलवाल्यांचाही लाडका असतो, म्हणून मधला वार धरावा.

रस्त्याच्या नंबराआधी 'डी' आहे म्हणजे तो शांतच, असं धरून चालू नका. 'डी' म्हणजे जिल्हा मार्ग. पण २००६ च्या सुमारास बरेच जुने राष्ट्रीय मार्ग जिल्ह्यांकडे गेले आणि त्यांनाही 'डी' लागला. नऊशेच्या घरातला नंबर दिसला की जरा सावध व्हा. तार्नच्या घळीतला 'डी ९०७ बिस' जुलै-ऑगस्टमध्ये मोटारी आणि कॅम्परव्हॅननी भरलेला असतो. मिशेलिनच्या कागदी नकाशावर लाल रस्ता टाळा, पिवळा तपासून घ्या, पांढरा निर्धास्त निवडा. बाजूने हिरवी रेघ असेल तर देखावा सुंदर, पण तीच रेघ पाहून पर्यटकही येतात. त्याच नकाशावर चढाचे बाण असतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण १३ च्या वर. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. हे उलटं वाचलं की अख्खा दिवस उलटा पडतो.

ॲपवर मार्ग आखत असाल तर बीराउटरमध्ये कमी रहदारीचा पर्याय मिळतो. मात्र रेघ जंगलात शिरते तिथे हवाई छायाचित्र उघडून पाहा. एकसारखा करडा पट्टा म्हणजे डांबर, फिकट पिवळसर म्हणजे कच्ची वाट. २८ मिमीच्या टायरवर अशी वाट पाच किलोमीटर निघाली तर पाऊण तास सहज जातो.

नुसते रस्त्यांचे नंबर कागदावर लिहून घेऊ नका. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तोच रस्ता नवा नंबर घेतो. कोर्निशचंच पाहा: गार जिल्ह्यात 'डी २६०', लोझेरमध्ये शिरताच 'डी ९'. नंबरासोबत पुढच्या गावाचं आणि खिंडीचं नावही लिहा. फ्रान्समध्ये खिंडीला 'कोल' म्हणतात.

किलोमीटर मोजणं, चढ विसरणं

सपाटीवर १०० किलोमीटर मारणारा माणूस इथे ७० किलोमीटरमध्ये थकतो. ७०-८० किलोमीटरच्या फेरीत १,५०० मीटर चढ सहज जमतो. म्हणून वेळ चढावरून काढा. सामान बांधलेल्या सायकलवर तासाला ५०० मीटर उंची ही चांगली चाल आहे. ल पाँ-द-माँव्हेरहून 'डी २०' ने कोल द फिनिएलला (१,५४१ मीटर) जायचं तर सुमारे १२ किलोमीटरमध्ये साडेसहाशे-पावणेसातशे मीटर चढावं लागतं. म्हणजे सव्वा ते दीड तास, तोही न थांबता.

सरासरी चढावर भरवसा ठेवू नका. मों एगुआल शिखराकडे जाताना लागणाऱ्या कोल द ला लुझेतची सरासरी ११.७ किलोमीटरला ७.३ टक्के. २०२० च्या तूर द फ्रान्समध्ये सहावा टप्पा याच खिंडीवरून गेला होता. मधले तुकडे १० टक्क्यांच्या वर जातात, आणि पाय थांबतात ते तिथेच.

इथे गिअरचं गणित मांडायलाच हवं. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा, चढ १० टक्के, पायडल मिनिटाला ६० फेरे. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर वेग ताशी ९ किलोमीटर आणि ताकद सुमारे २३५ वॅट लागते. मागे ३४ दात घेतले तर त्याच फेऱ्यांना साडेसात किलोमीटरचा वेग आणि १९५ वॅट पुरतात. हे चाळीस वॅट म्हणजे खिंडीपर्यंत पोचणं आणि सायकल ढकलत नेणं यातलं अंतर.

पण नुसती कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकऱ्यांचा संच, बदलून भागत नाही. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकरीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात बहुधा पेलत नाही, आणि चेन जुनीच ठेवली तर ती आखूड पडते. मग पुढे मोठ्या चेनरिंगवर असताना मागेही सर्वांत मोठा दातेरी चकरा लागला की चेन ताणून डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, मोडू शकतो. त्या मोठ्या चकरीवर सतत खरखर ऐकू येत असेल तर डिरेलरची वरची छोटी पुली तिला घासते आहे. डिरेलरमागचा बी-स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत फिरवा, आवाज थांबला की पुरे.

ब्रेक नेहमीच्या हातात असतील असं धरणं

भारतात पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, फ्रान्समध्ये डाव्या. २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला स्वतःची सायकल घेऊन जाणाऱ्या आपल्या बीआरएमवाल्यांना, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना, ही अडचण नाही. त्यानंतर आठवडाभर भाड्याची सायकल घेऊन या डोंगरात येणाऱ्यांना आहे. घाबरून हात सवयीने दाबला जातो आणि भलतंच चाक अडतं. दुकानातच सायकल ढकलत दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहा, आणि पहिला उतार मुद्दाम हळू उतरा.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते. डिस्क असेल तर पॅड चकचकीत होतात, जळका वास येतो आणि पकड सुटते. वळणाआधी सरळ रस्त्यावर जोरात दाबा, वळणात सोडा. डिस्क पॅडचं मटेरियल ०.५ मिमी राहिलं की पॅड संपलं. १ मिमीच्या खाली असेल तर या डोंगरात निघूच नका.

'ग्राव्हियाँ' अशी पाटी दिसली तर पुढे नव्या डांबरावर सुटी बारीक खडी आहे. मोटारींच्या चाकांनी साफ झालेल्या पट्ट्यातून, ताशी वीसच्या आत, सायकल न झुकवता जा. ऑक्टोबरमध्ये हीच काळजी चेस्टनटच्या झाडांखाली घ्यावी लागते. ओली पानं आणि काटेरी टरफलं वळणाच्या आतल्या बाजूला साचतात, आणि सावलीमुळे तो ओलावा दुपारीही सुकत नाही.

इथे वाहतूक उजवीकडून चालते, पण निर्मनुष्य रस्त्यावर थांबून पुन्हा निघताना सवयीने डावी बाजू धरली जाते, हेही लक्षात असू द्या. गावात पिवळ्या तिरक्या चौकोनाची, म्हणजे अग्रक्रमाची पाटी नसेल, तर उजवीकडच्या बोळातून येणाऱ्या ट्रॅक्टरला आधी जाण्याचा हक्क असतो. तो थांबणार नाही.

पाणी वाटेत मिळेल असं समजणं

धारेवरच्या रस्त्याला झरे कमी. ते खाली दरीत असतात. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या भरूनच चढा. गावात नळ दिसला नाही तर स्मशानभूमीच्या फाटकाशी पाहा, फुलांसाठी तिथे बहुधा नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' (पिण्याजोगं नाही) लिहिलेलं पाणी पिऊ नका, डोक्यावर ओता.

दुकानं दुपारी बारा ते दोन, कधी तीनपर्यंत बंद. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही. पाव सकाळीच घ्या.

वरचं हवामान खालून ठरवणं

फ्लोराक साडेपाचशे मीटरवर, फिनिएल त्याहून हजार मीटर उंच. म्हणजे वर सहा-सात अंश थंड, त्यात घामाने भिजलेली जर्सी आणि उताराचा वारा. पातळ विंडचीटर जुलैतही हवा. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये भूमध्य समुद्रावरून आलेली दमट हवा या डोंगरांना अडते आणि एका दिवसात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडू शकतो. नद्या काही तासांत रस्त्यावर येतात. मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचा नारिंगी इशारा असेल तर दरीतला रस्ता धरू नका. धुकं किंवा अंधार असेल तर गावाबाहेर चकाकणारं जाकीट घालणं कायद्याने बंधनकारक आहे.

बिघाडाची तयारी शहरासारखी करणं

सायकलचं दुकान बहुधा माँद, आलेस किंवा मियो अशा मोठ्या गावांतच. दोन ट्यूब, पॅच, चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि तुमच्याच सायकलला बसणारा हँगर सोबत ठेवा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो मोडला आणि दुसरा नसेल तर डिरेलर काढा, चेन तोडून मधल्या चकरीवर सरळ बसवा आणि एकाच गिअरवर गावापर्यंत या. टायरची बाजू फाटली असेल तर आतून नोट किंवा चॉकलेटचं जाड वेष्टन घडी करून लावा, मग ट्यूबमध्ये नेहमीपेक्षा कमी हवा भरा.

पडून जखमी झालात तर ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही नेटवर्कवरून हा फोन लागतो. जागा सांगण्यासाठी रस्त्याच्या कडेचा पिवळ्या टोपीचा मैलाचा दगड शोधा. त्यावर रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर कोरलेला असतो. तो नंबर, किलोमीटर, आणि तुम्ही कुठल्या गावाहून कुठल्या गावाकडे चालला होता, एवढं फोनवर सांगा.