गळीत हंगामाआधी: ट्रक सुरू होत नसेल तर डिझेलची गळती कुठे शोधावी

पावसाळाभर शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली उभा असलेला ट्रक ऊस वाहतुकीसाठी बाहेर काढताना सेल्फवर नुसता फिरतो आणि सुरू होत नाही, हा अनुभव अनेक वाहनधारक शेतकऱ्यांना येतो. अशा वेळी बहुतेक जण वाकून इंजिनाखाली डिझेलचा डाग शोधतात आणि जमीन कोरडी दिसली की गळती नाही असे धरून बॅटरीच्या नाहीतर पंपाच्या मागे लागतात. खर्च नेमका येथेच वाढतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणारा छोटा पंप) भाग ओढीचा असतो. तेथे सांधा सैल असेल तर इंजिन फिरताना डिझेल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, म्हणून तेथील गळती ओलसर डागाने किंवा चिकटलेल्या धुळीने स्वतःच दिसते.

सर्वप्रथम एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारे तोंड) पोहोचत आहे, दोष बहुधा अन्यत्र आहे. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचत नाही; मात्र टाकीत डिझेल आहे का आणि इंजिन बंद करण्याची केबल किंवा सोलेनॉइड (डिझेल बंद करणारा विजेवरचा भाग) बंद स्थितीत अडकलेला नाही ना, हे आधी पाहावे. हे सांगावे लागते, कारण अर्धा दिवस पाईप सोडण्यात घालवल्यावर केबलच अडकलेली सापडते.

जुन्या पद्धतीचा, साधा डिझेल पंप असलेल्या ट्रकमध्ये यानंतर फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) दोन आटे सैल करावा आणि फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलण्याचा दट्ट्या) मारावा. आधी फेसाळ, बुडबुडेदार डिझेल येते व नंतर स्वच्छ धार लागते. धार सुरू असतानाच स्क्रू आवळावा. फिल्टर दोन असतील तर टाकीकडचा आधी घ्यावा, त्यानंतर पंपावरील एअर स्क्रूची हवा काढावी. शंभरेक वेळा प्रायमर मारूनही फेस थांबत नसेल तर ओढीच्या बाजूला हवा शिरते आहे असे समजावे. हवा काढल्यावर ट्रक सुरू होतो, दिवसभर चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडतो, हेही बारीक गळतीचेच लक्षण आहे, कारण रात्रभरात पाईपमधले डिझेल टाकीकडे उतरते.

आता सांधे तपासावेत. उभ्या वाहनाचे रबरी पाईप कडक होऊन क्लिपपाशी भेगाळतात, आणि शेडमध्ये धान्य किंवा पेंड असेल तर उंदीर ते कुरतडतात. पाईप वाकवून, खालच्या बाजूनेही पाहावा, कारण भेग वरून दिसत नाही. बँजो बोल्टखालची (पाईप जोडणारा, आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वायसर एकदा दबली की पुन्हा नीट बसत नाही. ती नवी टाकावी, बोल्ट जास्त आवळून आटे खराब करू नयेत. संशय असलेल्या सांध्यावर जाड ग्रीस थापून पुन्हा प्रायमर मारावा. बुडबुडे थांबले तर दोषी सांधा तोच, मात्र ग्रीस हा शोधण्याचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे. टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरून गळती पाहण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. पत्र्याची टाकी फुगते आणि तिचे सांधे उसवतात.

तरीही उलगडा झाला नाही तर पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन ते सायलेन्सरपासून दूर, उंचावर घट्ट बांधावे आणि पारदर्शक पाईपने थेट फीड पंपाच्या आवक तोंडाला जोडावे. हवा काढून ट्रक सुरू झाला व दहा मिनिटे चालला, तर दोष टाकी, तिची जाळी किंवा तेथून येणाऱ्या पाईपमध्ये आहे. चिखलाने बुजलेले टाकीच्या झाकणाचे छिद्रही डिझेल अडवते. झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला तर तेच कारण असू शकते.

इंजिन ऑइलची डिपस्टिकही पाहावी. पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गळती आतल्या आत ऑइलमध्ये होत आहे. असा ट्रक सुरू करू नये, कारण पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातात.

कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबाने डिझेल मिळते) बाबतीत वरील सूचना केवळ टाकीकडच्या कमी दाबाच्या भागापुरत्या समजाव्यात. तेथे रेलमधील दाब १००० बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना त्याचे पाईप सैल करून हवा काढू नये किंवा गळतीवर हात फिरवू नये. बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही, तरीही त्याच तासात रुग्णालय गाठावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा गळतीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा, आणि पुठ्ठा ओला झाला की इंजिन बंद करून पुढचे काम कंपनीच्या प्रशिक्षित मेकॅनिककडे सोपवावे.