सूचिपर्णी झाडांच्या डोळ्यांतला स्टार्च आणि साखर वर्षभर कशी तपासावी

स्प्रूस, फर किंवा पाइनचा डोळा (न फुटलेला कोंब) हिवाळाभर बाहेरून आहे तसाच दिसतो, आत मात्र उलथापालथ चालू असते. थंडी वाढू लागली की स्टार्चची साखर होते. सुक्रोजच्या जोडीला रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा वाढतात, त्यांच्यामुळे पेशी गारठ्यात तगतात. ऐन हिवाळ्यात स्टार्च जवळजवळ संपलेला असतो. डोळे फुटण्याआधी तो पुन्हा भरतो आणि कोवळा फुटवा लांबायला लागला की खर्ची पडतो.

नमुने दर दोन आठवड्यांनी घ्या, फुटीच्या तोंडावर दर आठवड्याला. निदान पाच झाडं ठरवून ठेवा. दर खेपेला तीच उंची, तीच बाजू आणि दिवसाची तीच वेळ. शेंड्याचे डोळे आणि बाजूचे डोळे एकत्र करू नका.

सगळ्यात जास्त चुका फांदीपासून फ्रीझरपर्यंतच्या वाटेवर होतात. तोडलेला डोळा जिवंतच असतो, त्यातली एन्झाइम थांबत नाहीत. हिवाळ्यातले डोळे उबेत राहिले तर साखरेचा परत स्टार्च होऊ लागतो आणि नोंद वसंताची वाटते. म्हणून तोडल्या तोडल्या कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) टाका आणि वितळू न देता फ्रीझ-ड्रायरमध्ये, म्हणजे गोठलेल्या अवस्थेतच पाणी काढणाऱ्या यंत्रात, वाळवा.

नुसता अंदाज हवा असेल तर आयोडीन पुरतं. 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग त्यात 1 ग्रॅम आयोडीन, शेवटी पाणी घालून 300 मिली करा. आयोडीन थेट पाण्यात टाकलं तर ते नीट विरघळत नाही. ताज्या डोळ्याचे खवले सोला, उभा पातळ काप घ्या (पातं राळेने चिकटतं, दर कापानंतर अल्कोहोलने पुसा) आणि तो रात्रभर 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. मग पाण्याने धुऊन दोन-तीन मिनिटं आयोडीनमध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या कोंबाच्या बुडाशी असलेल्या गराकडे पाहा: पेशींत निळे-काळे कण दिसले तर तो स्टार्च. पिवळे-तपकिरी डाग राळेचे किंवा टॅनिनचे असतात, ते मोजू नका.

आकडे हवे असतील तर वाळलेल्या डोळ्यांची बारीक पूड करा. 50 मिलीग्रॅम पुडीचा 80 टक्के इथेनॉलमध्ये 80 अंश सेल्सियसला तीनदा अर्क काढा. तिन्ही अर्क मिळून साखर, उरलेला चोथा स्टार्चसाठी. चोथा पाण्यात उकळा, अमायलेज आणि अमायलोग्लुकोसिडेज ही स्टार्च तोडणारी एन्झाइम वापरून त्याचं ग्लुकोज करा. मोजलेल्या ग्लुकोजला 0.9 ने गुणलं की स्टार्च मिळतो, कारण साखळी तुटताना दर दुव्यामागे पाण्याचा एक रेणू जोडला जातो.

हिवाळ्यात स्टार्च भरपूर निघाला तर आधी इथेनॉलने साखर नीट धुऊन निघाली का यावर शंका घ्या: चोथ्यात राहिलेली साखर स्टार्च म्हणून मोजली जाते. एन्झाइम न घातलेली एक नळी सोबत चालवली की हे लगेच उघडं पडतं. अर्कातली साखर फक्त ग्लुकोज मोजणाऱ्या किटवर तपासू नका, त्याला रॅफिनोज दिसतच नाही.

निकाल दर ग्रॅम कोरड्या वजनामागे लिहा आणि दर डोळ्यामागेही. वसंतात डोळा झपाट्याने जड होतो, त्यामुळे एकूण साखर वाढत असतानाही टक्केवारी घसरलेली दिसू शकते.